पोर्ट ऑफ स्पेनचे चार दिवस

दोन वर्षांनी एकदा सुट्टी मिळते, आणि या खेपेला ती मी गावी न जाता पोर्ट ऑफ स्पेनला घालवणार होतो. हौस म्हणून नव्हे. माझी हौस इथं आखातात, शर्कमधल्या गोदामात सिमेंटच्या गोण्या उतरवून घेताना कधीच संपली.

माझा थोरला भाऊ अब्बासभाई जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होता. १९५१ साली तो त्या बंदरात उतरला तो परत चढलाच नाही. त्याला आता तेरा वर्षं झाली. वर्षातून एक पत्र येतं, मी खुशाल आहे, एवढंच. दाभोळला अम्माची नजर गेली आहे. मागच्या सुट्टीत तिनं माझा हात धरला. "यूसुफ, एकदा त्याच्या घरी जेवून ये. त्याला कोण वाढतं ते बघ आणि मला सांग." आता याला नाही कसं म्हणायचं? बायकोला, खैरुन्निसाला, तसं लिहिलं. तिनं खुशाल जा म्हणून कळवलं आणि मग दोन महिने पत्रच टाकलं नाही.

तिकिटं काढून देणाऱ्या अशरफकडे मी सात खेटे घातले. बैरूत, लंडन, मग पुढे. कुठे विमान बुधवारचं, कुठे शनिवारचं. सगळा हिशेब जमवून हातात राहिले चार दिवस. व्हिसाच्या रांगेत उभं राहून पायांचे तुकडे पडले. त्यात फोटो नापास, कान दिसत नाहीत म्हणे. माझे कान! खोलीतली मंडळी अजून त्यावरून माझी फिरकी घेतात.

चार दिवस येतोय म्हणून भाईला कळवलं. उत्तर आलं ते चांगलं तीन पानी. त्यानं सगळा बेत आखला होता. पहिल्या दिवशी बंदर आणि बाजार. दुसऱ्या दिवशी मोठं मैदान, शेजारची बाग. तिसऱ्या दिवशी डोंगरापलीकडचा समुद्र, थेट आपल्या हर्णैसारखा. हॉटेलात खोली सांगून ठेवली होती, जेवणही तिथंच. आमच्यात सख्ख्या भावाला कोणी हॉटेलात उतरवतं का? शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "घरी बोलावता येत नाही. मला कोणी नाही, असं मी बायकोला सांगितलंय. लग्नाच्या वेळी बोलून गेलो, आता तीन मुलं झाली. रागावू नको."

रागावलो, खूप रागावलो. आम्ही जिवंत असताना आम्हाला पुरून मोकळा झाला. इकडे अम्मा अजून ईदेला त्याचा वाटा बाजूला काढते. तिकीट रद्द करायला तडक अशरफकडे गेलो. त्यानं खुर्ची पुढे केली, आणि बसल्यावर कळलं की माझ्यात भांडायचंही त्राण उरलेलं नाही. शिवाय अम्माला काय सांगणार? मैदान मोठं आहे म्हणून?

तिथंच कागद मागून घेतला आणि लिहिलं:

"भाई, हॉटेल राहू दे, पण एक वेळ घरी जेवायला बोलव. मी तुझा भाऊ आहे हे सांगू नको. जहाजावरचा जुना सोबती म्हण. मी तुला अब्बासमियां म्हणेन. वहिनीला वहिनी म्हणणार नाही, मुलांना जवळ घेणार नाही. फक्त ती तुला वाढते ते बघू दे."

खाली नेहमीच्या सवयीनं 'तुझा धाकटा भाऊ' असं लिहून गेलो. खोडायचं जिवावर आलं. पण आतापासूनच सवय लागायला हवी, म्हणून ते खोडलं आणि नुसतं यूसुफ लिहिलं.