बंद म्हणजे चालू: एका डाव्या हबची फिर्याद

मित्रांनो, मी एका जुन्या ट्रकचा डावा हब आहे. पुढच्या चाकाच्या मधोमध वाटीएवढा लोखंडी तुकडा दिसतो ना, तो मी. गोड आठवणींची वाट पाहू नका. मला राग आलेला आहे. दोन वर्षं तो माझ्या दातांत अडकून बसला आहे.

आधी माझं काम समजून घ्या. तेवढंही न समजता माणसांनी माझ्यावर शब्द रंगवले.

ट्रकच्या मागच्या चाकांना इंजिन नेहमीच ढकलतं. पुढची चाकं सडकेवर नुसती गडगडत जातात. चिखलात त्यांनाही जोर हवा असेल तर ड्रायव्हरने खाली उतरायचं आणि माझ्या तोंडावरची चकती हाताने फिरवायची. कट्. माझे दात एक्सलच्या, म्हणजे इंजिनचा जोर चाकापर्यंत आणणाऱ्या कण्याच्या, दातांत बसतात. चाक आणि एक्सल एक होतात. मग उजवीकडे जाऊन तेच करायचं. मग वर बसून, इंजिनचा जोर पुढच्या एक्सलला जोडणारा दांडा ओढायचा. सडकेवर परत आलं की दांडा सोडायचा, ट्रक चार पावलं मागे घ्यायचा म्हणजे दातांवरचा ताण उतरतो, आणि आम्हाला सुटं करायचं.

आम्हाला म्हणजे दोघांना. एक जोडलेला आणि एक सुटा राहिला, तर सगळा जोर सुट्या बाजूने वाहून जातो. एक्सल आत गरगरतो, चाक ढिम्म.

उजवा हब म्हणतो:

(रिकामं आहे, कारण तो भंगारात वितळला.)

मोकळा

लष्कराच्या लिलावातून आमचा ट्रक हिम्मतरावांनी घेतला. ते मूळचे बिदरकडचे शेतकरी. आता तेलुगू-उर्दू बोलणाऱ्या मोठ्या शहरात, हिमायतनगर भागात, त्यांचं पाण्याच्या पंपांचं दुकान होतं. माझ्या चकतीवर तेव्हा दोन इंग्रजी शब्द होते, लॉक आणि फ्री. जुना फौजी ड्रायव्हर ते न वाचताच मला फिरवायचा. त्याची बोटं वाचायची.

तो गावी परतला. त्याच सुमारास, ब्याण्णव साली, ट्रकला नवा रंग द्यायचं ठरलं. हिम्मतरावांचे दोस्त मुकुंदराव चिक्कडपल्लीत राहत. निवृत्त शिक्षक. दुकानाची पत्रं तेच लिहीत आणि उरलेल्या वेळात यंत्रांच्या शब्दांचा कोश रचत.

"देश खुला होतोय हिम्मतराव," ते म्हणाले. "बाहेरची यंत्रं येणार. आपली भाषा आत्ताच यंत्रावर चढली पाहिजे."

"चढवा की गुरुजी. रंग आणलाच आहे."

मुकुंदराव गुडघ्यांवर बसले. इंग्रजी अक्षरं त्यांनी खरवडली आणि सुंदर वळणदार हाताने लिहिलं: बंद. मोकळा. मग उजवीकडे जाऊन तेच.

शब्दकोशात ते बरोबर होतं, मित्रांनो. कुलूप लावणं म्हणजे बंद. पण दिवा बंद असतो तेव्हा तो जळत नाही. पंखा बंद असतो तेव्हा फिरत नाही. मी मात्र बंद असतो तेव्हाच कामाला लागतो! हे त्या अक्षरांना कोणी सांगायचं? मुकुंदरावांनी मला एकदाही फिरवून पाहिलं नाही.

बंद

नवा ड्रायव्हर सायलू. तारनाक्याजवळ राहायचा, देवनागरी अडखळत वाचायचा.

"साब, ये मोकळा मंजे क्या?" त्याने हिम्मतरावांना विचारलं.

"मोकळा म्हणजे खुला रे."

"हौ. फिर बंद मंजे बंद."

झालं. सायलू काळजीवाला माणूस. सडकेवर तो आम्हाला नेमाने "बंद"वर ठेवी, म्हणजे विश्रांती मिळेल. आम्ही विनाकारण एक्सलला धरून मैलोन् मैल घुमत राहिलो. डिझेल जास्त जळू लागलं. हिम्मतराव त्याच्याकडे तिरकं बघू लागले.

मग तो दिवस. एका गावाचा पंप जळाला होता, लोक पाण्यासाठी खोळंबले होते. तळ्याकाठच्या काळ्या मातीत ट्रक रुतला. सायलू उडी मारून उतरला, चिखलात गुडघाभर शिरून त्याने मला "मोकळा"वर आणलं, उजव्यालाही आणलं. वर जाऊन दांडा ओढला.

एक्सल आत वेड्यासारखा फिरला. मी त्याला धरू शकत नव्हतो. त्यानेच मला सोडवलं होतं!

"चारी चाकं लावलीस का?" हिम्मतराव ओरडले.

"लगाया साब! दोनो हबां खुले करा मैं, अम्मा की कसम!"

"मग फिरत का नाहीत? आतले दात विकलेस? डिझेल विकतोस तसे?"

"नक्को बोलो साब वैसा. चोर नक्को बोलो."

"जा. तू मोकळा!"

पाहा, तोच शब्द. मला मोकळं केलं, त्यालाही केलं.

हिम्मतरावांनी आम्हा दोघांना काढून टाकलं. आमच्या जागी चाक आणि एक्सल कायमचे जोडणारी साधी झाकणं बसवली. अर्थातच ट्रक चिखलातून निघू लागला. "बघा, ड्रायव्हर बदलला आणि गाडी सुधारली," ते सगळ्यांना सांगत सुटले.

उजवा हब म्हणतो:

(हेही रिकामंच.)

मी मुकुंदरावांच्या टेबलावर गेलो. त्यांच्या कोशाचे कागद उडू नयेत म्हणून.

बंद, पुन्हा

दोन वर्षांनी सायलू चिक्कडपल्लीला आला. शहरात नव्या परदेशी कंपन्या आल्या होत्या. ड्रायव्हरची नोकरी होती, पण जुन्या मालकाची चिठ्ठी हवी होती. हिम्मतराव म्हणाले होते, चोराला चिठ्ठी नाही.

"आप समजाके बोलो गुरुजी. आप की बात सुनते वो."

मुकुंदराव कागद शोधू लागले. सायलूने मला उचललं. सवयीने चकती "बंद"कडे फिरवली. कट्. त्याने मला उलटं केलं आणि आत पाहिलं. पुन्हा "मोकळा". पुन्हा "बंद". माझे दात पुढे आले.

"गुरुजी," त्याने मला त्यांच्यापुढे धरलं. "ये तो बंद में चालू होता."

मुकुंदरावांनी चष्मा लावला. स्वतःचं अक्षर वाचलं. मग त्यांनी हिम्मतरावांना पत्र लिहिलं आणि वाचून दाखवलं: "सायलू निर्दोष आहे. चूक नावात झाली होती."

"नांव की ग़लती," सायलू म्हणाला. "और ग़लती करनेवाले का नांव?"

मुकुंदरावांनी "झाली होती" खोडलं. त्यावर लिहिलं: "चूक मी केली. मुकुंद." मग पायात चपला सरकवल्या.

"चल. हे पत्र हिम्मतरावांना मीच वाचून दाखवतो. नाही ऐकलं तर चौकात वाचतो."

"चौक में नक्को गुरुजी," सायलू पहिल्यांदा हसला. "मराठी उधर कौन समजता?"

दोघं गेले.

मित्रांनो, तुमची पाठ थोपटून मी हे संपवणार नाही. कुठल्याही वस्तूवर नाव लिहिण्याआधी ती एकदा हाताने फिरवा. आणि कोणाला चोर म्हणण्याआधी, त्याला वाचायला तुम्ही काय दिलं होतं ते तपासा.

जाताना सायलू मला "बंद"वर ठेवून गेला. माझे दात पुढे आले आहेत, धरायला तयार आहेत. समोर एक्सल नाही. खाली कोशाचा कागद आहे, आणि त्यावर अजून लिहिलेलं आहे: लॉक, म्हणजे बंद.

मुकुंदराव, परत आलात की आधी ते खोडा.