ओटीवर थोडा वेळ

दोरीचं झुलणं थांबेपर्यंत हरेश ठाकूर ओटीवर अवघडून उभा राहिला. ओळंब्याची दोरी वर भिंतीला टेकली होती आणि खाली चार बोटं सुटली होती. दगडमातीची भिंत तेवढी ओटीच्या बाजूला कलली होती. वर माळ्याची तुळई भिंतीवर जेमतेम टेकून होती.

"उभी हाय ना भिंत? मग?" मागून गोदूबाई म्हणाल्या.

"उभी आहे मावशी, पण तुळई सरकली तर कौलांसकट सगळं खाली येईल. इथे राहता येणार नाही. शाळेत सोय केली आहे."

"मी नाय जायाची कुठं. सखा आल्यावर त्याला कुठं निजवू? शालेत?"

मंगळवारी सकाळी वाडीच्या मागच्या कंपनीतली टाकी फुटली होती. काचा पार नदीपलीकडच्या अष्टमी गावापर्यंत तडकल्या. कामावरची तीन माणसं जागीच गेली. गोदूबाईंचा सखा भाजला. त्याला मुंबईला हलवलं, त्याची बायको सरू सोबत गेली. घरी गोदूबाई एकट्याच होत्या.

हरेश पंचायत समितीत कनिष्ठ अभियंता होता. पेणच्या खारेपाटातला माणूस. रोज सकाळी मोटरसायकल काढायची आणि वडखळ, नागोठणे, निडी करत रोह्याला यायचं. गटारं, साकव, अंगणवाडीचे पत्रे, हेच त्याचं आजवरचं काम. त्याच्या एका शेऱ्यावर कुणाला घर सोडावं लागेल, अशी वेळ कधी आली नव्हती. आणि माणसांचं काय झालं ते आरोग्य खातं बघेल, तुम्ही फक्त भिंती बघा, असं वरून बजावलेलं होतं.

त्याने पुन्हा तुळईकडे पाहिलं.

"सखा येईस्तोवर भिंत बांधून घेऊ," तो म्हणाला. "मी स्वतः बघतो."

बोलला आणि त्याला स्वतःलाच कसंतरी झालं. नुकसानीचे कागद कुठून कुठे फिरतात, ते त्याला चांगलं माहीत होतं.

गोदूबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "खरंच?"

"हो."

त्या वळल्या. आत जाऊन वाकळ, तवा आणि पावट्याचं गाठोडं घेऊन आल्या आणि शाळेकडे चालू लागल्या. वाडीचा पोलीसपाटील काळुराम ओटीला आडवी दोरी बांधायला लागला. हरेशने कागदावर लिहिलं, 'राहण्यास धोकादायक', आणि खाली सही केली.

पुढच्या सोमवारी तो उरलेली घरं बघायला वाडीत आला, तेव्हा काळुराम रस्त्यातच भेटला. "सखा गेला, सायेब. सकाळीच. गाडी निघालीय तिकडनं."

हरेशने पटकन मोटरसायकलला किक मारली. कुठे जायचं ते मात्र त्याला सुचेना. त्याने गाडी पुन्हा बंद केली.

ॲम्ब्युलन्स आली ती दुपारच्या उन्हात. सगळी वाडी गोळा झाली होती. काळुरामने अंगणात चटई टाकली. "हितंच ठेवू. सायेबांनी लिवलंय, आत जायाचं नाय."

गोदूबाई शाळेकडून आल्या. रडत नव्हत्या. चटईकडे बघून म्हणाल्या, "उन्हात नको रं. लय भाजलाय तो."

सरू गाडीच्या पायरीवर बसून राहिली होती, तिला उतरवत नव्हतं.

गोदूबाई हरेशपाशी आल्या. तो भिंत बांधून देणार होता, याचा उच्चारही त्यांनी केला नाही. "आत नको. ओटीवर ठेवू द्या थोडा येल. त्याच्या घरात."

भिंत कलली होती ती ओटीवरच. ओळंबा लावला त्या दिवसापासून आणखी किती सुटली असेल, कोण जाणे.

"काय झालं त तुमच्यावर येल, सायेब," काळुराम हळूच म्हणाला. "सही तुमची हाय."

"टेकू मिळतील?" हरेशने विचारलं. "स्लॅबला लावतात तसे. चांगले जाड."

खालच्या आळीत एका घराचं काम चालू होतं. तिथून पोरांनी लाकडी टेकू खांद्यावर आणले. हरेशने दोरी सोडली आणि पहिला टेकू घेऊन स्वतः ओटीवर चढला. तुळईखाली फळी धरली, टेकू उभा केला, बुडाशी पाचर ठोकली. प्रत्येक ठोक्याला वरून माती पडत होती. तो थांबायचा, कान द्यायचा, पुन्हा ठोकायचा. दुसरा टेकू, तिसरा.

"चार माणसं उचलणारी. मग फक्त आई आणि बायको. बाकी कुणी वर चढायचं नाही."

सखाला ओटीवर ठेवलं. पांढऱ्या पट्ट्यांतून चेहरा तेवढा थोडा दिसत होता. सरू आता हंबरडा फोडून रडू लागली. गोदूबाई लेकाच्या उशाशी बसल्या आणि पट्टीवरून हात न टेकवता, वरच्यावर फिरवत राहिल्या. दुखेल म्हणून.

हरेश टेकूला दोन्ही हातांनी धरून उभा होता. अंगणातल्या प्रत्येकाची नजर सखावर होती. हरेशला तिकडे बघता येत नव्हतं. तुळईच्या टोकाशी असलेल्या भेगेवरून डोळा हलवायची त्याला भीती वाटत होती. सखा कसा दिसत होता, हे त्याला नंतरही कधी सांगता आलं नसतं.

"हलली का?" मध्येच गोदूबाईंनी विचारलं.

"नाही मावशी."

"मग ऱ्हाऊ दे जरा."

"राहू दे."

थोड्या वेळाने काळुरामने हाक दिली आणि माणसांनी सखाला उचललं. सगळे नदीकडे निघाले. सरूला बायकांनी धरून शेजारच्या घरात नेलं. ओटी रिकामी झाली.

हरेश अजून तसाच उभा होता. भेग तेवढीच होती. हात सोडायला हवेत हे कळत होतं, बोटं सुटत नव्हती.

गोदूबाई कळशी घेऊन ओटीच्या पायरीशी आल्या.

"सोडा आता, सायेब," त्या म्हणाल्या. "निघा तिथनं. ओटीवर कोन नाय आता."

तो खाली उतरला. तळव्यांत सालपटं घुसून रक्त आलं होतं. गोदूबाईंनी कळशी कलती केली आणि त्याच्या हातांवर सावकाश पाणी घातलं.