नमुना पाठाचा गुंडाळी फळा

मित्रांनो, तुमच्या वर्गातला फळा भिंतीला खिळलेला असतो. माझे तसे नाही. मी गुंडाळी फळा आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. मालेगावच्या मागावर विणलेल्या जाड कापडावर काळ्या रंगाचे हात देऊन, वरखाली लाकडी दांड्या बसवून मला तयार केले. चांदवडच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या उपेंद्र सरांनी मला विकत घेतले आणि काखोटीला मारून घरी नेले.

सरांनी मला ओल्या फडक्याने कधी पुसले नाही. पाण्याने रंग सुटतो, असे ते मुलांना बजावत. माझी काळी बाजू आत ठेवूनच ते मला गुंडाळत. फळा म्हणजे लिहिण्यापुरती जागा, असे काही जण मानतात. मला ते मान्य नाही. प्रोजेक्टरच्या पडद्यावर वाक्य तयार होऊनच येते. माझ्यावर ते मुलांच्या डोळ्यांदेखत जन्मते, अडखळते, पुसले जाते आणि पुन्हा उभे राहते. शिकण्याची रीतही तीच नव्हे काय?

दर हिवाळ्यात नाशिकला इंग्रजी शिक्षकांची परिषद भरे. एस.टी.त सर मला गुडघ्यांमध्ये उभा धरीत.

"गुरुजी, नकाशा हाय का त्यो?" शेजारचा प्रवासी हमखास विचारी.

"नाही. कोरा आहे."

"कोरा? मंग एवढा जपता कशापायी?"

सर हसून मला आणखी जवळ धरीत.

त्या परिषदेची एक प्रथा होती. निबंधवाचन आटोपले, की जवळच्या शाळेतली मुले मंचावर येत, एक शिक्षक त्यांना खराखुरा पाठ शिकवी, आणि जमलेले शिक्षक त्यावर निर्भीडपणे टीका करीत. त्याला नमुना पाठ म्हणत. कितीतरी वर्षे तो मान सरांकडे, म्हणून माझ्याकडेही, होता. टाळ्या पडत, तशी टीकाही होई. सर दोन्ही सारख्याच शांतपणे ऐकत.

पुढे सभागृहात प्रोजेक्टरचे पडदे आले, आणि मला टांगायला खिळा सापडेना. सर निवृत्त झाले. त्यानंतरच्या पहिल्याच परिषदेत कार्यवाह स्वरदाबाई त्यांच्यापाशी आल्या. त्या सरांच्याच विद्यार्थिनी.

"सर, रागावू नका. नमुना पाठाच्या वेळात तीन निबंध बसतात. पाठ बंद करावा, असा ठराव मी आज समारोपाला मांडणार आहे."

"मांड की. पण आधी पाठ बघ."

असे म्हणून सरांनी मला पडद्याच्याच खुंटीला टांगले. शिक्षकांच्या परिषदेत शिकणारा कुणीच नसावा, ही कल्पनाच त्यांना सोसवत नव्हती.

नेमकी त्याच दिवशी जवळच्या शाळेची सहल निघाली आणि मुले आलीच नाहीत. "आम्हीच होतो मुलं," असे म्हणत शिक्षक हौसेने बाकांवर बसले. सरांनी माझ्यावर कपाचे चित्र काढले मात्र, चहूकडून उत्तरे आली; प्रश्न अजून विचारायचाच होता. हशा पिकला. स्वरदाबाईंनी घड्याळाकडे पाहिले.

"ज्यांना येतं त्यांना काय शिकवू?" सर म्हणाले. मग त्यांची नजर दाराशी चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या कुसाबाईंकडे गेली. "बाई, तुम्ही बसता का? इंग्रजीत काय बोलावंसं वाटतं तुम्हाला?"

कुसाबाईंनी पदर सावरला आणि पुढच्या रांगेतल्या परप्रांतीय पाहुण्यांकडे पाहिले. "हे पाव्हणे सर लोक कपाला हात घालायची लय घाई करत्यात. मराठी कळत नाय त्यांना. गरम हाय, दमानं घ्या, एवढं सांगायचंय."

सरांनी माझ्यावरच्या कपातून वाफ निघताना दाखवली आणि म्हणाले, "हॉट." शेजारी बिनवाफेचा कप काढून म्हणाले, "कोल्ड." हाताने आधी वेगाची, मग संथपणाची खूण करत म्हणाले, "फास्ट. स्लो." मग वाफेच्या कपाकडे आणि पाहुण्यांकडे बोट दाखवून ते गप्प उभे राहिले.

कुसाबाईही गप्प. आणि सभागृहातून कुजबुज सुरू झाली. शिक्षकाला दुसऱ्याची शांतता सोसत नाही. जो तो बाईंना उत्तर पुरवू लागला.

"गुरुजनहो," सर म्हणाले, "उत्तर तुम्हाला येतं, हे मला ठाऊक आहे. त्यांना येऊ द्या."

कुजबुज थांबली. वेळ संपली होती. स्वरदाबाईंचा हात टेबलावरच्या घंटीकडे गेला आणि तिच्यावर नुसताच टेकून राहिला.

कुसाबाई माझ्याकडे पाहत होत्या. अखेर पाहुण्यांकडे वळून त्या सावकाश म्हणाल्या, "टी हॉट. यू स्लो."

मागच्या रांगेतले एक गृहस्थ चूक सुधारायला उठले.

"समजलं तुम्हाला?" सरांनी विचारले.

"समजलं, पण..."

"मग बसा. सुधारणा उद्या. आज त्या बोलल्या."

समारोपाला स्वरदाबाई उभ्या राहिल्या. "माझा ठराव मी मागे घेते. पुढच्या वर्षीचा पाठ मी घेईन." मग खाली येऊन हळूच म्हणाल्या, "सर, फळा मात्र माझा पांढरा असेल."

"असू दे. उत्तर येईपर्यंत थांबशील ना?"

"थांबेन."

सरांनी कोरड्या फडक्याने दोन्ही कप पुसले आणि मला गुंडाळले. तो माझा शेवटचा पाठ. आता मी त्यांच्या कपाटामागे उभा असतो. दांडीच्या टोकाची एक टोपी हरवली आहे, कडांचा रंग उडाला आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेत माझ्यासारखा कुणी धूळ खात पडला असेल, तर त्याला कोरड्या कापडाने पुसा आणि सावलीत ठेवा. पण त्याहून नाजूक असा एक मित्र तुमच्या शेजारच्या बाकावर आहे. तो मित्र उत्तर शोधत असेल, तेव्हा त्याच्या कानात ते सांगू नका. जरा वाट पाहा.