मला ओढणारी गाडी

मी कॅराव्हॅन. मला जन्मतः चाकं मिळाली, पण इंजिन नाही. दोन पलंग, एक छोटा ओटा, बेसिन आणि पडदे लावलेल्या खिडक्या एवढा संसार पोटात घेऊन मी उभी असते. कुणी गाडी आणून माझा हुक अडकवल्याशिवाय मला जागचं हलता येत नाही. म्हणून माझी हकीकत सांगायची तर ती माझ्यापेक्षा त्या गाडीचीच जास्त.

माझा जन्म इंग्लंडातला. तिथे वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात, म्हणून माझं दारही डावीकडे. दुबईत आल्यावर ते नेमकं रहदारीच्या बाजूला उघडू लागलं. मला इथे आणणारं इंग्रज कुटुंब यावर फार हसायचं. २००८ च्या सुरुवातीला ते मायदेशी परतलं आणि मी हेमचंद्रच्या घरची झाले.

हेमचंद्र पुण्याचा. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत इंजिनिअर, राहायला डिस्कव्हरी गार्डन्समध्ये. बायको अनुपमा आणि दहा वर्षांची लेक इरा. माणूस कमालीचा सावध. मला घेतल्या दिवसापासून त्याने एकच ध्यास घेतला, मला साजेशी गाडी शोधण्याचा. लोक इंजिन किती दमदार ते बघतात. हा गाडीचं वजन विचारायचा. सामान भरल्यावर माझं वजन गाडीच्या वजनाच्या पंच्याऐंशी टक्क्यांच्या आत राहिलं पाहिजे, हा नियम त्याने कुठूनसा मिळवला होता.

"इंजिन नुसतं ओढतं गं," तो अनुपमाला समजावायचा. "सांभाळायचं काम वजनाचं. मागचं ओझं पुढच्याला ढकलायला लागलं की खलास."

"उद्या इराच्या लग्नाला एवढी स्थळं बघशील ना?" अनुपमा म्हणायची.

"बाबा, जस्ट पिक वन!" इरा सोफ्यावरून ओरडायची.

शेवटी कंपनीकडून त्याला गाडी मिळायची होती, तेव्हा त्याने बाकीच्यांसारखी चकचकीत लांब गाडी न मागता एक जुन्या धाटणीची, अवजड जीप मागितली. ती आली, माझ्यापुढे उभी राहिली आणि हुक बसला. ना मी कलले, ना ती मागे दबली, दोघी एका रेषेत. वजनकाट्यावर दोघींना वेगवेगळं तोलून हेमचंद्र खाली उतरला तो शीळ घालतच.

पहिल्या सहलीला आम्ही फुजैराच्या समुद्रकिनाऱ्याकडे निघालो. वाटेत मसाफी गावाच्या पुढे डोंगराचा उतार लागला आणि माझी मागची बाजू आपोआप डोलू लागली. आधी थोडी, मग चांगलीच. जीपलाही मी हिसके देऊ लागले. इरा रडायला लागली. हेमचंद्रने ब्रेकला पाय लावला नाही. त्याने नुसता वेग आपोआप कमी होऊ दिला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. हळूहळू मी शांत झाले. त्याने गाडी बाजूला घेतली, माझ्या आत शिरून एकेक कपाट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"अनु, पाण्याचे कॅन, तांदळाची गोणी, कांदे-बटाटे, सगळं मागे? मी मधल्या कपाटात चाकांवर ठेवलं होतं ना?"

"मधल्या कपाटावर मी देव ठेवलेत," अनुपमा म्हणाली. "देवांच्या खाली कांदा-लसूण ठेवू?"

हेमचंद्रला हसूच फुटलं. रस्त्याच्या कडेला, तेवढ्या धुळीत, देव मागच्या फळीवर गेले आणि कांदे मध्ये आले.

"देवांना कमी वजनाचं समजलास तू," अनुपमा म्हणाली. त्यानंतर समुद्रापर्यंत मी अशी गेले, की जणू जीपचंच शेपूट आहे. त्या हिवाळ्याच्या उरलेल्या दिवसांत आम्ही पुष्कळ फिरलो. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस तेवढेच.

वर्ष संपता संपता मंदी आली आणि टॉवरांवरच्या क्रेन थांबल्या. हेमचंद्रच्या ऑफिसात रोज कुणाचं ना कुणाचं टेबल रिकामं व्हायचं. एके दिवशी सकाळी त्यालाही मीटिंगला बोलावलं आणि दुपारी लॅपटॉपबरोबर जीपची किल्लीही ठेवून घेतली. वजन, लांबी, हुकची उंची असं सगळं त्याने जुळवलं होतं. गाडी आपली नाही, एवढं मात्र त्याच्या ध्यानातून निसटलं होतं.

शाळेचं वर्ष संपल्यावर अनुपमा आणि इरा पुण्याला गेल्या. जाताना इराने माझ्या दारात उभं राहून विचारलं, "यू वोंट सेल हर, नो?"

"नाही गं. तू येशील तेव्हा हिच्यातूनच जाऊ. प्रॉमिस."

उसन्या गाडीने मला शारजाच्या पुढे, हमरियाजवळ जमाल नावाच्या माणसाच्या यार्डात आणून सोडलं. जमाल जुन्या बोटी, ट्रेलर असलं सामान सांभाळायचा. हेमचंद्रला हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात काम मिळालं, राहायला इतरांबरोबरच्या खोलीतला एक पलंग. दर शुक्रवारी तो यायचा. माझ्या टायरांत हवा भरायचा, ओल आली का बघायचा, ओट्यावर एक कप चहा करून दाराशी बसून प्यायचा. माझ्यातली ताटं, पडदे, उशा, सगळं तिघांसाठी असायचं. तो एकटाच. बोलायचा मात्र कधी नाही. तो गेला की पुढच्या शुक्रवारपर्यंत मला वाऱ्याचा आणि पत्र्यावर आपटणाऱ्या वाळूचाच काय तो आवाज.

२०१० च्या डिसेंबरात इरा आणि अनुपमा सुट्टीला आल्या. हेमचंद्रने तोवर स्वतःची गाडी घेतली होती. ती छोटी, पांढरी, कारखान्याला जाण्यायेण्यापुरती. तिला बघताच मी ओळखलं, ही माझी नव्हे. पण मला जायचं होतं. दीड वर्ष मी एक फूटही हलले नव्हते.

जमालने कुठून तरी तिला हुक बसवून आणला होता. "साब, यल्ला, चलो! धीरे धीरे जाना. कुछ नहीं होगा, इन्शाल्ला."

इरा आता उंच झाली होती. तिने माझ्यात चादरी घातल्या, पुस्तकं मांडली, आणि पुण्यातल्या मैत्रिणींना मेसेजही करून टाकले.

हेमचंद्रने हुक अडकवला. माझा भार पडताच छोट्या गाडीचा मागचा भाग खाली बसला आणि तोंड वर झालं. त्याने मला घेऊन यार्डातच एक चक्कर मारली. मी अंग चोरून चालले. जमेल तेवढी हलकी झाले. वळणावर त्याने हळूच ब्रेक दाबला, आणि मी त्या बिचारीला पुढे ढकललं. माझी इच्छा नव्हती. पण वजनाला इच्छा नसते.

तो खाली उतरला. वाकून दोघींच्या मधल्या, खाली दबलेल्या हुकवर हात ठेवला.

"अनु, सामान काढ."

"बाबा! यू प्रॉमिस्ड!"

"हो."

"सगळ्यांना सांगितलंय मी! फक्त थोडंसंच जायचंय!"

"त्या उतारावर तू माझ्या मागे बसलेली असशील, इरा." त्याने हुक सोडवायला घेतला. "मोठी गाडी नाही गं माझ्याकडे. नाही जमत."

इराने मांडलेली पुस्तकं एकेक करून पिशवीत भरली. अनुपमाने आत येऊन चादरींच्या घड्या घातल्या आणि जाताना माझ्या ओट्यावरून उगाचच हात फिरवला. जमालने एक तंबू काढून दिला, तो टपावर बांधून तिघं निघाले. फाटकापाशी वळताना ती छोटी गाडी जराही डगमगली नाही. माझी नजर तिच्यावर खिळून राहिली, ती दिसेनाशी होईपर्यंत.

नंतर हेमचंद्रने मला जमालच्या हवाली केलं. तो आता येत नाही. तिघं पुण्यात एकत्र आहेत, असं जमाल कुणाला तरी सांगत होता. माझी चाकं काढून मला विटांवर ठेवलंय. माझ्यात दोरखंड, रंगाचे डबे आणि जुनी शिडं भरलीत. उन्हाने पडदे विरलेत.

तुमच्यापैकी कुणाला माझ्यासारखी हवी असेल, तर आधी गाडी आपली आहे ना ते बघा, मग ती पुरेशी जड आहे ना ते बघा. नसेल, तर मुलं कितीही रडली तरी हुक काढून ठेवा. मागे उभ्या राहिलेल्या कॅराव्हॅनची काळजी करू नका. तिला फार एकटं वाटतं, हे खरं. पण त्या दिवशी गाडीत कोण बसलं होतं, ते तिलाही ठाऊक असतं.