बिरोबाच्या एडक्यातला कृमी

मी एक जुना यकृतकृमी आहे. पानासारखा चपटा, बोटाच्या पेराएवढा. नाक मुरडू नका मित्रांनो, माझं घराणं तुमच्यापेक्षा कितीतरी जुनं आहे.

आमचे पूर्वज बहुधा फक्त गोगलगायीत राहत. जनावरांची पोटं नंतर मिळाली. अंड्यातून निघालेल्या आमच्या पिल्लाला दिवसभरात गोगलगाय सापडली नाही, तर ते मरतं. सापडते हजारात एखाद्याला! म्हणून ज्यांना गोगलगायीच्या आत, जोडीदाराशिवाय, एकाचे अनेक होणं साधलं, त्यांचाच वंश टिकला असावा. सुरुवात नेमकी कशी झाली, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. घालोत बापडे. आम्ही मात्र एका अंड्यापासून शेकडो भावंडं झालो, तळ्याकाठच्या गवताला चिकटलो आणि हरणाबाईच्या मेंढ्यांच्या पोटात गेलो.

हरणाबाई दुष्काळी आटपाडीकडची मेंढपाळ. पूर्वी तिथलं तळं उन्हाळ्यात आटायचं, गोगलगायीही मरायच्या. आता कालव्याचं पाणी आलं आणि आमची चंगळ झाली. गेल्या वर्षी आमच्यामुळे तिच्या अकरा मेंढ्या जबड्याखाली सूज येऊन मेल्या. उरलेल्या चाळीस म्हणजे तिचा सगळा संसार. गुरांच्या डॉक्टर अंकिताबाईंनी दोनदा औषध पाजलं, तरी रोग परत आला. कारण मी बिरोबा देवाच्या नावानं सोडलेल्या एडक्यात होतो, आणि औषधाच्या वेळी हरणाबाई त्याला बाभळीमागं बांधायची.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांना तो दिसला.

"मावशी, ह्यो कुणाचा?"

"देवाचा. त्याला औषध पाजलं तर देवावर भरवसा न्हाई असं व्हतं."

"आवं, ह्याच्या लेंडीतलं एक अंडं तळ्यात गेलं, की एका गोगलगायीत शेकडो किडं व्हत्यात. नर नको, मादी नको. येक उरला तरी लय झालं."

मी यकृताला घट्ट धरून बसलो. हार मानायची आमच्यात रीत नाही.

हरणाबाईनं एडक्याचा जबडा चाचपला. सुजेत तिचा अंगठा रुतला. तिचे डोळे भरले.

"देवानं राखाया दिला, आन् मीच मारत व्हते व्हय?" तिनं स्वतःच त्याचं तोंड उघडलं. "आधी ह्यालाच पाजा. आन् आजपास्नं मेंढरं तळ्याकडं न्यायची न्हाईत."

मित्रांनो, औषध खाली उतरतं आहे. मी अजून पकड सोडलेली नाही. पण शत्रू असूनही खरं सांगतो, जनावरं सांभाळायची तर सगळी सांभाळा, एकही वगळू नका. मला एकच पुरत होता. आज हरणाबाईनं तोही औषधावाचून ठेवला नाही.