मागच्या बाकापर्यंत

विम्याच्या कचेरीत खोटे दावे हुडकून काढणं हे माझं काम. इतकी वर्षं तेच करून स्वभाव असा झालाय, की समोरचा नुसता हसला तरी मी विचारते, का हसला? त्यामुळे आईच्या घरी पुटपुट्या येऊ-जाऊ लागला, तेव्हा पहिल्याच दिवशी मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

पुटपुट्या शाळेत माझ्याच वर्गात होता. उंच म्हणून मागच्या बाकावर बसायचा. माझी आई आमची वर्गशिक्षिका. फळ्यावर लिहिताना ती शब्दन् शब्द मोठ्यानं म्हणायची, आणि हा तेच तोंडातल्या तोंडात म्हणत वहीत उतरवायचा. वर्ग आईची नक्कल करायचा आणि मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आता जाड भिंगांचा चष्मा लावलेला हा गृहस्थ एका बिल्डरकडे नोकरीला होता. जुनी घरं घेऊन पाडणारा बिल्डर, आणि आईचं घर जुनं. आणखी काय सांगायला हवं?

मी दर रविवारी जायचे. एकदा पाहते तर बैठकीतली सतरंजी गायब. मग काचेचं टेबल गेलं. खुर्च्या भिंतीला चिकटल्या. स्वयंपाकघरात डब्यांना रबरं लावलेली, एकाला एक, दुसऱ्याला दोन. विचारलं की आई म्हणायची, पसारा कमी केला. तिच्या घराची किल्लीही त्याच्याकडे होती. स्वतःच्या मुलीकडे नव्हती. याचा मला मनापासून राग यायचा.

त्यातून त्याचं ते बोलणं. बाई, दार लावतोय. बाई, चहा उजव्या हाताला ठेवलाय. इतकी लाडीगोडी कामाशिवाय कोण लावतं?

आईला मी वर्षभर सांगत होते, माझ्याकडे राहायला चल. तिचं उत्तर ठरलेलं. "माझे मला हातपाय हलवता येताहेत, डोळ्यांनी दिसतंय. ज्या दिवशी दिसायचं थांबेल, त्या दिवशी बॅग भरीन." हे घर सोडायचं म्हणजे तिच्या जिवावरच यायचं.

शेवटी मी त्याला रंगेहाथ पकडायचं ठरवलं. एका रविवारी लवकर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. चपला हातात घेऊन मांजरीच्या पावलांनी आत शिरले. आई खिडकीशी बसली होती, तोंडावर लख्ख ऊन.

"आलास का रे?" तिनं विचारलं.

ती सरळ माझ्याकडे बघत होती. आमच्यात चार पावलांचंही अंतर नव्हतं.

"बोलत का नाहीस? कोण आहे?" ती घाबरून उठली. हात चाचपडत खुर्चीच्या पाठीकडे गेला.

तेवढ्यात मागून पावलं वाजली. पुटपुट्या भाजीची पिशवी घेऊन दारात उभा होता. त्यानं एकदा माझ्या हातातल्या चपलांकडे पाहिलं.

"बाई, घाबरू नका," तो म्हणाला. "तुमची मुलगी आली आहे. तुमच्या समोर उभी आहे."

आई पुन्हा खुर्चीत बसली. मग मी त्याच्यावरच घसरले, की हे माझ्यापासून लपवायची तुझी हिंमत कशी झाली? तो शांतपणे म्हणाला, "मला फळा दिसायचा नाही. घरी कळलं असतं तर वडिलांनी शाळा सोडायला लावून कामाला धाडलं असतं. बाईंना कळलं होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्या मोठ्यानं वाचायला लागल्या."

मी शाळेत ज्याची लाज बाळगली, ते एका मुलासाठी होतं. आणि तो तेच आता आईला परत देत होता. मला भयंकर रडू आलं.

"मग?" आई म्हणाली. आवाज बाईंचाच होता. "भरू का बॅग?"

मी चपला दाराशी ठेवल्या आणि पुटपुट्याला विचारलं, साखरेच्या डब्याला किती रबरं? दोन, तो म्हणाला. मी चहा केला, कप घेऊन आईजवळ गेले.

"आई, चहा उजव्या हाताला ठेवतेय," मी कसंबसं म्हटलं.

तिनं हात पुढे केला, कप बरोबर सापडला.

"मोठ्यानं बोल," ती म्हणाली. "मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे."