राखीव कपाट

मुंजाजी साळवे सरांनी सहकाराचं पुस्तक राखीव कपाटात ठेवायला लावलं, तेव्हा त्यांच्या मनात काडीचंही पाप नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढं कुणालाही त्यांना बोल लावावासा वाटेल, पण त्यांनी स्वतःला लावला तेवढा दुसऱ्या कुणाला जमायचा नाही.

गोष्ट शहाऐंशी सालची. तेलगावच्या बाजूचं एक कॉलेज, पत्र्याचे वर्ग, आणि ग्रंथालय म्हणजे एक लांबोडकी खोली. सर तिथं अर्थशास्त्र शिकवायचे. दुसऱ्या वर्षाला सहकाराचा पेपर होता आणि त्याचं धड पुस्तक कॉलेजात एकच. मागल्या साली ते एका संचालकाच्या पुतण्यानं जूनमध्ये नेलं आणि परीक्षा उरकल्यावर चहाचे डाग पाडून परत आणून टाकलं. ग्रंथपाल आप्पाराव त्याला काय बोलणार? आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं.

म्हणून यंदा सरांनी प्राचार्यांच्या मागं लागून नियम करून घेतला. पुस्तक कुलपात राहील. मागेल त्याला तिथंच बसून वाचायला मिळेल, घरी कुणालाच नाही. मग तो संचालकाचा पुतण्या असो की प्राचार्यांचा जावई. आप्पारावांनी पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरांत 'राखीव' असं लिहिलं आणि तो कपाटाला अडकवला.

आता 'राखीव' म्हटलं की आपल्याकडं कुणाला काय ऐकू येतं, ते का वेगळं सांगायला हवं? त्याच दुपारी इतिहासाचे माणिकराव, बागायतदाराघरचे, चहा पिता पिता म्हणाले, "काय साळवे सर, आता पुस्तकंबी राखीव का? मग आमच्या लेकरांनी काय वाचावं?"

सगळे हसले. सरही हसले. नोकरी लागल्यापासून ते असंच हसत आले होते. त्यांची स्वतःची जागा राखीवमधली, एवढंच सगळ्यांना ठाऊक. ते विद्यापीठात पहिल्या वर्गात आले होते, हे कुणी कधी विचारलं नाही. हसून झाल्यावर त्यांनी मनाशी गाठ मारली, की या कपाटापायी आपल्यावर कुणाला बोट ठेवू द्यायचं नाही. त्या गाठीनंच पुढं घात केला.

त्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस जो गेला तो गेलाच. दसऱ्याला विहिरींचे तळ दिसायला लागले. ज्यांच्या घरात कधी कोयता शिरला नव्हता, त्यांनीसुद्धा ऊसतोडीच्या मुकादमाकडं नाव दिलं. दिंद्रुडजवळच्या एका वस्तीवरचे कचरू आणि भिमाबाई तर दरसाल जाणारेच. त्यांची थोरली मनकर्णा सरांच्या वर्गात होती. वस्तीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. एरवी हंगामात ती आजीपाशी राहायची. यंदा आजी नव्हती आणि वस्तीवर प्यायला पाणीही नव्हतं.

एकदा सर वर्गात सहकारी कारखान्याची रचना सांगत होते. मनकर्णानं हात वर केला. "सर, सभासद झाले, संचालक झाले. ऊस तोडणारी माणसं ह्यात कुठं बसत्यात?" सरांनी पुस्तकात पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं, आणि ते खुशीत आले. ही पोरगी आपल्याही पुढं जाणार, असं त्यांनी घरी बायकोला सांगितलं.

दिवाळीच्या तोंडावर मनकर्णा कापडी पिशवी घेऊन ग्रंथालयात आली. सर तिथंच होते. पलीकडच्या टेबलावर माणिकराव पेपर वाचत होते.

"जय भीम सर. पुस्तक न्यायला आले."

"कुठलं?"

"सहकाराचं. तुमी आमच्यासाठी राखीव ठिवलंय ना."

तिनं पाटी वाचली होती आणि जन्मभर ऐकलेला अर्थ लावला होता. राखीव म्हणजे आपल्या माणसांसाठी बाजूला काढून ठेवलेलं. तिचा प्रवेश त्यातला, तिची स्कॉलरशिप त्यातली. मग पुस्तकही त्यातलंच असणार, आणि तेही साळवे सरांनी ठेवलेलं. तिचं काय चुकलं?

माणिकरावांचा पेपर हळूच खाली आला. त्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं आणि ते मिशीत हसले.

सरांचे कान तापले. "राखीव म्हणजे तसं नाही," ते जरा मोठ्यानंच म्हणाले. "राखीव म्हणजे कुणीच घरी न्यायचं नाही. इथं बसून वाच."

"हितं कवा बसू सर? परवा टोळी निघायली नगरकडं. कारखाना चैताबिगर सुटत न्हाई." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "पुस्तक संगं असलं तर परीक्षेला धाडतो म्हणलाय आबा. कोपीत बसून वाचीन सर. एक पान दुमडू द्यायची न्हाई."

पुस्तक नसलं तर काय, ते तिनं सांगितलं नाही. सरांनी विचारलंही नाही.

"एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं, मनकर्णा. इथं कुणाला तरी लागेल ते."

"बरं सर," ती म्हणाली. पिशवीची घडी घातली, ती घडी पुन्हा दुमडून मुठीत धरली आणि गेली.

"मानलं तुम्हाला, साळवे सर," माणिकराव म्हणाले. "नियम म्हणजे नियम." आणि खरं सांगायचं तर ती शाबासकी सरांना त्या वेळी गोड लागली.

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं तेव्हा निम्मे बाक मोकळे होते. संक्रांत झाल्यावर एक दिवस सरांनी सहज आप्पारावांना विचारलं, "सहकाराचं पुस्तक कोण कोण वाचतंय?"

"कोण वाचणार सर? वाचणारे गेले कोयत्यावर. राहिलेत त्यायला गाईड हाय."

कपाट उघडायला किल्ली शोधावी लागली, आणि किल्ली सापडली तर कुलूप फिरेना. आप्पारावांनी त्यात तेल सोडलं. आत पुस्तक ठेवलं तसंच होतं. पुतण्याला आवरायला केलेल्या नियमानं पुतण्याचं काही बिघडलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती. सरांनी पुस्तक उचललं. आप्पाराव काही बोलायच्या आत ते बाहेर पडलेसुद्धा.

रविवारी त्यांनी आष्टीवरून नगरकडची एसटी धरली. कारखान्याच्या मागं उजाड माळावर तोडकऱ्यांच्या कोप्यांची, उसाच्या पाचटाच्या खोपटांची, रांग होती. विचारत विचारत ते गेले. भिमाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. सरांना पाहून तिनं पदर सावरला आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

"मनू फडात हाय सर. येईल आता मोळ्या टाकून. दोघंबी येत्याल."

"दोघं?"

"लगीन झालं की तिचं. टोळीतलाच पोरगा हाय, आपल्यातलाच. एकटी व्हती तर मुकादम अर्धा कोयता धरायचा, आता नवराबायकूच्या जोडीचा पुरा झाला."

सरांच्या हातात तांब्या तसाच राहिला. "पण कचरू तिला परीक्षेला धाडणार होता ना?"

"व्हता की. पुस्तक घीऊन ये, यंदा लगनाचं नाव काढत न्हाई, म्हणलं व्हतं तिच्या आबानं. शब्दाचा पक्का हाय माणूस. ती गेलती बी पिसवी घीऊन. रिकामीच आली." भिमाबाईनं भाकरी उलटली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मग तिचा आबा म्हणला, तितं आपलाच साहेब हाय. आपल्या माणसानंबी दिलं न्हाई, म्हंजी पोरीतच दम नसंल."

दम नाही म्हणे! ज्या पोरीचं घरी कौतुक केलं, तिच्या बापाला आपण हे सांगून बसलो, एवढं एकच सरांच्या डोक्यात फिरत राहिलं.

मनकर्णा आली. हातात हिरवा चुडा, पाचटानं ओरखडलेले दंड. सरांना पाहून ती थबकली आणि मग हसली, अगदी वर्गात हसायची तशी. "जय भीम सर. तुमी कावून आले इतक्या लांब?"

सरांनी पुस्तक पुढं केलं. "हे घे. तुझ्याकडंच राहू दे. परीक्षेला अजून वेळ आहे, मी कचरूशी बोलतो, तुझ्या सासरच्यांशीही बोलतो." बैल गेल्यावर झोपा करायला निघालेल्या माणसाचा असतो, तसाच त्यांचा आवाज झाला होता.

तिनं पदराला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि पुस्तक घेतलं. अनुक्रमणिका उघडून बोट फिरवत ती कारखान्यांच्या धड्यापर्यंत आली आणि तिथं थांबली. ओठ हलवत दोन ओळी वाचल्या. मग मिटून दोन्ही हातांनी परत पुढं धरलं.

"न्हाई सर. राखीव हाय ना ह्ये. तितं कुणाला तरी लागत आसंल."

तिथं कुणीच वाचत नाही, कुलूपसुद्धा गंजलं होतं, हे सांगायला सरांनी तोंड उघडलं. पण आपलं गेलं ते निदान दुसऱ्या कुणाच्या कामी आलं, असं ती समजून होती. तेवढंच तिच्याजवळ उरलं होतं.

"हो," सर म्हणाले. "लागतं."

"मग न्या," ती म्हणाली. रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला आणि ती मोळ्या भरायला गेली.

आष्टीच्या स्टँडवर गाडी बराच वेळ थांबली. शेजारच्या बाईनं विचारलं, घरचं कुणी गेलं का. सरांनी होय म्हणून मान डोलावली आणि भर गर्दीत ते रडले. पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं. तिनं शब्द दिल्याप्रमाणं एकही पान दुमडलेलं नव्हतं.